भाषा न कळणारा प्रवासी आणि सुरक्षा तपासणी : मोपा-दाबोळीवर नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर लागला की गोव्यात चार्टर विमानांचा हंगाम सुरू होतो आणि त्याच सुमारास विमानतळावर नवी भरतीही होते. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. तेव्हापासून पेडणे, बार्देश, सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग या भागांतली कितीतरी मुलं-मुली चेक-इन काउंटरवर, व्हीलचेअरवर, ट्रॉलीवर, प्रवासी मदत कक्षात कामाला लागली. दाबोळीच्या जुन्या विमानतळावर तर हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे. प्रशिक्षणात तुम्हाला बॅगेचं वजन, बोर्डिंग पास, धोकादायक वस्तूंची यादी हे सगळं शिकवतात. समोरच्या माणसाला तुमचं एक अक्षरही कळत नसेल आणि मागे रांग खोळंबली असेल, तर नेमकं काय करायचं, हे मात्र फारसं कोणी बसवून सांगत नाही. हा लेख त्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ज्याला सूचना कळलेली नाही तो माणूस आणि जो सूचना मुद्दाम पाळत नाही तो माणूस, हे दोघे तपासणीच्या टेबलापाशी अगदी सारखेच दिसतात. दोघेही सांगितलेलं करत नाहीत, दोघेही इकडे-तिकडे बघतात, दोघांच्याही कपाळावर घाम असतो. हे दोघे वेगळे करता आले की तपासणी कडकही राहते आणि माणसाचा मानही राहतो. नियमात सूट द्यायची नाही. बदलायची ती आपली सांगण्याची पद्धत.

कोण काय तपासतं, हे आधी स्वतः समजून घ्या

अंगझडती आणि हातातल्या सामानाची तपासणी सीआयएसएफ, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, करते. नियम ठरवतो नागरी विमान सुरक्षा ब्युरो, ज्याला सगळे बीसीएएस म्हणतात. पासपोर्ट-व्हिसा इमिग्रेशनकडे, आयात-निर्यात कस्टम्सकडे, चेक-इनची बॅग विमान कंपनीकडे. तुमच्याकडे यांतला कुठलाच अधिकार नाही. पण जवानाला रशियन येत नाही, प्रवाशाला हिंदी येत नाही, म्हणून हाक तुम्हालाच येते.

प्रवाशाला गणवेशांतला हा फरक कळत नाही. दारावर पासपोर्ट दाखवला, काउंटरवर दाखवला, इमिग्रेशनला दाखवला, तपासणीला पुन्हा बोर्डिंग पास मागितला. चौथ्यांदा कोणी काही मागितलं की त्याला वाटतं, आपल्यावर संशय आहे. म्हणून काउंटरवरच, पास हातात देताना, पुढचे टप्पे बोटांवर मोजून दाखवा : पासपोर्ट, मग बॅग, मग गेट. तेवढ्याने पुढची निम्मी चिडचिड टळते.

आणखी एक बाब लक्षात असू द्या. तपासणीच्या टेबलापाशी बहुधा तीन माणसं असतात : हरयाणाचा किंवा आसामचा जवान, पेडण्याची तुम्ही आणि रशियातल्या एकातेरिनबर्गचा प्रवासी. तिघेही इंग्रजीत बोलतात आणि तिघांपैकी कोणाचीच ती घरची भाषा नसते. प्रत्येकाची इंग्रजी वेगळ्या वळणाची. त्यामुळे ‘याला इंग्रजी येत नाही’ असं म्हणण्याआधी आपली इंग्रजी त्याच्या कानाला कशी लागते, तेही बघायला हवं.

पाळीवर येण्याआधीची तयारी

फोनवर भाषांतराचं अ‍ॅप असेलच. घरी वायफायवर रशियन, हिब्रू, जर्मन, फ्रेंच, पोर्तुगीज यांतल्या जितक्या भाषा मिळतील त्यांची ऑफलाइन फाइल उतरवून ठेवा. ऐन वेळी नेटवर्क मिळेल याचा भरवसा नाही. तपासणीच्या जागेत फोन वापरायची परवानगी तुमच्या पासवर आहे का, ते वरिष्ठांकडून आधीच विचारून घ्या. फोटो तर कुठेच काढायचा नाही. दाबोळी हा नौदलाचा तळ आहे, तिथे हा नियम अधिक कडक. प्रवाशाच्या पासपोर्टचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवणं तर कुठल्याही कारणाने नको, मदतीच्या हेतूनेही नको.

अ‍ॅपला मराठी वाक्य देऊन रशियन मागितलं की अर्थ बरेचदा घसरतो. साधी, तुटक इंग्रजी वाक्यं द्या. एका वाक्यात एकच क्रिया. ‘बॅग उघडा.’ ‘लायटर बाहेर काढा.’ ‘हे विमानात चालत नाही.’ ‘जरा बघता का, आत काही असेल तर’ असल्या घरगुती वाक्याचं यंत्र काय करेल, सांगता येत नाही. भाषांतर आलं की तेच उलटं फिरवून वाचा. परतून आलेला अर्थ मूळ वाक्याशी जुळला तरच पडदा प्रवाशापुढे धरा.

थोडे रशियन शब्द तोंडी करून घ्या. लायटरला ते ‘झझिगाल्का’ म्हणतात, पट्ट्याला ‘रिमेन’, पाण्याला ‘वदा’, औषधाला ‘लिकार्स्तवा’. लॅपटॉपला त्यांच्याकडे ‘नोउतबूक’ हा शब्द जास्त चालतो. एखाद्या आजीबाईंना तीनदा ‘लॅपटॉप’ म्हणूनही कळलं नसेल तर एकदा ‘नोउतबूक’ म्हणून बघा. ‘अद्नू मिनूतु’ म्हणजे एक मिनिट थांबा. ‘पझालस्ता’ म्हणजे कृपया. उच्चार वेडावाकडा झाला तरी चालतो. आपल्यासाठी कोणी प्रयत्न करतंय हे कळलं की माणूस ऐकायला लागतो. कझाकस्तान, उझबेकिस्तानच्या बहुतेक प्रवाशांनाही रशियन कळतं.

दारावर आणि काउंटरवर : नाव जुळवणं

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण भाषेमुळे होणारा सगळ्यात मोठा गोंधळ बोलण्यात नसतो, नावाच्या स्पेलिंगमध्ये असतो.

रशियन नाव रोमन लिपीत उतरवण्याची एकच रीत नाही. युलिया नावाची बाई तिकिटावर ‘वाय-यू-एल-आय-ए’ असं लिहिते, कारण तिला तसंच शिकवलेलं असतं. तिच्या पासपोर्टवर मात्र ‘आय-यू-एल-आय-आय-ए’ असं छापलेलं असतं, कारण अलीकडचे रशियन पासपोर्ट आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ठरलेल्या तक्त्याप्रमाणे अक्षरं बदलतात. सर्गेईच्या शेवटी कुठे ‘वाय’ येतो, कुठे ‘आय’. दारावरच्या जवानाला दिसतात दोन वेगळी नावं. बाईला कळत नाही की आपलंच नाव आपलं कसं नाही.

अशा वेळी पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी असलेल्या दोन ओळी बघा. मशीनने वाचायच्या त्या ओळी, ज्यांत अक्षरांमध्ये कोनासारख्या खुणा भरलेल्या असतात. पहिल्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर आधी आडनाव, मग दोन खुणा, मग नाव. दुसऱ्या ओळीत पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत, तीही आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी. हीच नोंद जगभर धरली जाते. तिकिटावरचं नाव हिच्याशी जुळत नसेल, तर फरक लिप्यंतराचा आहे की माणूसच दुसरा आहे, हे विमान कंपनीच्या वरिष्ठाने ठरवायचं. तुम्ही ‘चालेल चालेल’ म्हणून पुढे ढकलू नका आणि ‘नेम राँग’ म्हणून परतही पाठवू नका. जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि व्हिसा तिन्ही जुळतात का, ते बघून वरिष्ठाला एका दमात सांगा. निर्णय पटकन होतो.

स्पॅनिश माणसाला बहुधा दोन आडनावं असतात, एक वडिलांचं, एक आईचं. पोर्तुगीजांचंही तसंच असतं, पण क्रम उलटा. मडगाव-पणजीच्या जुन्या घरांत वाढलेल्यांना हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांनी लक्षात ठेवा : तिकिटावर एकच आडनाव असलं म्हणजे माणूस खोटा नव्हे.

तारखेचंही असंच. अमेरिकन माणूस आधी महिना लिहितो. ०३/०४ म्हणजे आपल्यासाठी तीन एप्रिल, त्याच्यासाठी चार मार्च. व्हिसाच्या मुदतीबद्दल बोलताना तारीख कधीच आकड्यांत सांगू नका. महिन्याचं नाव लिहून दाखवा.

हरमल, मोरजी, मांद्रे, आश्वे इथे घरात खोल्या भाड्याने देणाऱ्यांनाही हे लागू आहे, म्हणून दोन शब्द. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत त्याची नोंद परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे ऑनलाइन करायची असते, ज्याला आपण सगळे सी-फॉर्म म्हणतो. त्यात नाव पाहुण्याच्या तोंडून ऐकून लिहू नका. पासपोर्टच्या त्या तळाच्या ओळींवरून अक्षर न अक्षर उतरवा. घरी झालेली स्पेलिंगची चूक पाहुण्याला पुढे कुठल्या तरी खिडकीवर निस्तरावी लागते.

‘यस’ ऐकून पुढे जाऊ नका

काउंटरवर विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. बॅग तुम्हीच भरली का, कोणी काही न्यायला दिलं का, आत पॉवर बँक, लायटर आहे का. भाषा न येणारा माणूस या सगळ्याला हसून ‘यस’ म्हणतो. तो खोटं बोलत नसतो. त्याला प्रश्न कळलेला नसतो आणि रांगेत अडून बसायची लाज वाटत असते. परक्या देशात आपणही हेच करतो.

नकारार्थी प्रश्न तर विचारूच नका. ‘लायटर नाही ना?’ याला ‘हो’ म्हणजे काय? आपण मराठीत ‘हो, नाही’ असंही म्हणतो. जपानी, कोरियन माणूसही तुमचं म्हणणं बरोबर आहे या अर्थी ‘यस’ म्हणेल. इंग्रज ‘नो’ म्हणेल. अर्थ मात्र एकच, लायटर नाही. नोंद चुकली तर मागून बॅगेत लायटर सापडल्यावर प्रवासी खोटारडा ठरतो.

म्हणून वस्तू दाखवून विचारा. काउंटरवर धोकादायक वस्तूंचा चित्रांचा फलक ठेवलेलाच असतो. तो बहुतेक जण आडवा सारून ठेवतात. तो प्रवाशाकडे फिरवा, एकेका चित्रावर बोट ठेवा, प्रत्येक चित्रावर थांबून त्याच्याकडे बघा. शब्दांवर समाधान मानू नका, हाताने काय करतो ते बघा : पॉवर बँकेच्या चित्रावर बोट ठेवल्यावर त्याने पाठीवरची बॅग पुढे घेतली, तर कळलं. नुसती मान हलवली, तर नाही.

मानेवरून सांगायचं राहिलं. आपण ‘ठीक आहे’ म्हणताना मान डावी-उजवीकडे डोलवतो. युरोपातल्या माणसाला तो नकार वाटतो. बल्गेरियात तर होकाराला मान आडवी आणि नकाराला उभी हलवतात. तेव्हा तपासणीत मानेने काही सांगायचं नाही, मानेवरून काही समजूनही घ्यायचं नाही.

आणि सगळ्यात जास्त घोटाळा करणारी आपली खूण म्हणजे तळहात खाली करून बोटं आत वळवत ‘ये ये’ म्हणणं. पाश्चात्त्य माणसाला ती ‘जा, मागे हो’ अशी दिसते. जवान धातुशोधक चौकटीपलीकडून बोलावतो आणि प्रवासी दोन पावलं मागे सरतो. तपासणीच्या दारातून मागे सरणारा माणूस म्हटल्यावर जवानाचं लक्ष तिथेच खिळतं, आणि ते त्याचं कामच आहे. तुम्ही बाजूला असाल तर लगेच तळहात वर करून बोलावा आणि कुठे उभं राहायचं ती जागा बोटाने दाखवा.

ट्रे, चौकट आणि दोन रांगा

ट्रेपाशी पाच सूचना एकदम देऊ नका. लॅपटॉप. तो ठेवला की फोन. मग पट्टा, मग खिसे. एक झालं की दुसरी. मोठ्याने बोलून भाषा समजत नसते. आवाज चढला की ती तपासणी न राहता खरडपट्टी वाटायला लागते आणि मागचे प्रवासीही घाबरतात. त्याच शब्दांत तेच पुन्हा म्हणण्याऐवजी आपला पट्टा दाखवा, आपला खिसा उलटा करून दाखवा.

आपल्या इंग्रजीतली काही वाक्यं फक्त आपल्यालाच कळतात. ‘बॅग पॅक्ड बाय यू ओन्ली?’, ‘डू वन थिंग’, ‘कीप इट साइड’. ती सोडा. ‘यू पॅक धिस बॅग?’ एवढं पुरे.

बायकांची झडती बायकाच घेतात, पडद्याआड, आणि त्यांची रांग वेगळी असते. अनेक देशांत रांग एकच असते, त्यामुळे जोडपं एकत्र उभं राहतं. बाईंची बॅग या सरकत्या पट्ट्यावरून पुढे जाते, बाईंना त्या रांगेत पाठवलं जातं आणि नवऱ्याला वाटतं की बायकोला वेगळं काढून नेलंय. इथे वाद फार पटकन पेटतो. रांग सुरू होते तिथेच बाईचं चित्र दाखवा, दोघांनाही पुढे जिथे भेटायचं ती जागा दाखवा आणि जमलं तर त्या पडद्यापर्यंत बाईंबरोबर एखादी सहकारी मुलगी चालत जाऊ दे. छोट्या चौथऱ्यावर उभं राहून दोन्ही हात पसरायचे, ही पद्धतही अनेकांना नवी असते. आधीच्या प्रवाशाकडे बोट दाखवलं की त्यांना उमजतं.

कृत्रिम पाय, पेसमेकर, शरीरातली धातूची पट्टी असलेला प्रवासी ते सांगायचा प्रयत्न करत असतो आणि तपासणीच्या गडबडीत ते ऐकलं जात नाही. कोणी छातीवर, गुडघ्यावर हात ठेवून काही दाखवत असेल, तर तो वेळकाढूपणा नव्हे. थांबा, अ‍ॅप पुढे करा आणि ते झडतीच्या आधी जवानाला सांगा.

वस्तू अडली तर

शंभर मिलिलीटरचा नियम २००६ साली लंडनमध्ये उघड झालेल्या कटानंतर जगभर आला, त्यामुळे बहुतेकांना ठाऊक असतो. पण पाहुण्याला घरमालकाने प्रेमाने दिलेलं उर्राक किंवा फेणी पाण्याच्या बाटलीत भरलेली असते आणि ती हातातल्या बॅगेत असते. ती तिथे अडणारच. चेक-इन सामानात मात्र ७० टक्क्यांपर्यंतचं मद्य दुकानाच्या सीलबंद बाटलीत, एकूण ५ लिटरपर्यंत चालतं, आणि बाजारातली फेणी ४२.८ टक्क्यांची असते. म्हणजे हे काउंटरवरच कळलं असतं तर बाटली वाचली असती. भेट द्यायची तर सीलबंद द्या, हे आपापल्या गावांत सांगा.

पॉवर बँक उलट : ती हातातच न्यायची, चेक-इनमध्ये नाही. मर्यादा १०० वॉट-अवरची, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीच्या परवानगीने. रशियन किंवा चिनी लेबलावर संक्षेप त्यांच्या लिपीत असतो, आकडा मात्र आपल्याला वाचता येतो. नुसते मिलीअँपिअर-अवर दिले असतील तर त्याला ३.७ ने गुणून हजाराने भागा. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-अवर भरते. हा हिशेब जवानाला कागदावर करून दाखवलात तर परक्या लिपीमुळे एखाद्याची वस्तू उगाच जाणार नाही.

औषधांच्या बाबतीत जास्त काळजी घ्या. रशियन लिपीतली गोळ्यांची पट्टी पाहून कोणालाच काही कळत नाही. कॅमेऱ्याने भाषांतर करायला हरकत नाही, पण व्यापारी नाव नको, औषधाचं मूळ नाव शोधा. ते जवळजवळ सगळ्या भाषांत सारखंच वाचलं जातं. काही औषधं प्रवाशाच्या देशात डॉक्टरच्या चिठ्ठीवर सहज मिळतात आणि आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतात. ट्रामाडोल हे वेदनाशामक २०१८ पासून त्या यादीत आहे. चिठ्ठी आहे का, एवढंच विचारा. ही गोळी कसली, यावर स्वतःचं मत देऊ नका. ई-सिगारेटवर आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने बंदी आली, हेही अनेकांच्या गावी नसतं.

सॅटेलाइट उपकरणांचं प्रकरण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. डोंगर चढणारे, लांब पल्ल्याचे धावणारे, शिडाच्या बोटीवरचे लोक संकटात मदत मागायला एक छोटं, बहुधा केशरी-काळं यंत्र बाळगतात. त्यांच्या देशात ते दुकानात मिळतं. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइटवरून संपर्क करणारं उपकरण बाळगणं गुन्हा ठरू शकतो, आणि १८८५ च्या तार कायद्याखाली अशी प्रकरणं नोंदवली गेली आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना याच कारणाने थांबवल्याच्या बातम्या आल्या होत्या. अनेकदा प्रवासी ते यंत्र स्वतःच ट्रेमध्ये काढून ठेवतो, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे हेच त्याला माहीत नसतं. आणि नेमका इथे भाषेचा अडसर येतो. ‘सॅटेलाइट फोन?’ या प्रश्नाला तो ‘नो, नो’ म्हणतो, कारण तो फोन नाहीच. जवानाला वाटतं, हा नाकारतोय. तुम्ही हजर असाल तर त्याने ते स्वतःहून काढून ठेवलं होतं, हे जवानाला स्पष्ट सांगा. जे डोळ्यांनी पाहिलंत तेवढंच सांगा, पण सांगा.

चेक-इन बॅग परत बोलावली तर

बॅग मशीनखालून जाताना काही दिसलं की प्रवाशाला बोलावतात. घोषणा होते इंग्रजीत, नावाचा उच्चार आपल्या पद्धतीचा. तो माणूस शेजारी बसून ऐकत असतो आणि ते आपलंच नाव आहे हे त्याला ओळखू येत नाही. विमान सुटायची वेळ होते आणि बॅग मागे राहते. घोषणेवर थांबू नका. नाव पासपोर्टप्रमाणे मोठ्या अक्षरांत, खाली विमान क्रमांक, असा कागद लिहून गेटच्या खुर्च्यांमधून चालत जा. अ‍ॅपमधून त्याच्या लिपीतलं नावही खाली लिहून घ्या.

घाबरलेला माणूस आणि संशयित माणूस

नवीन असताना वाटतं की डोळ्यांत डोळे न घालणारा, अडखळत बोलणारा माणूस काहीतरी दडवतोय. पण परक्या भाषेत शब्द शोधणारा प्रत्येक माणूस वर बघतो, थांबतो, वाक्य मधेच सोडतो. हावभावांवरून माणसं हेरण्याचा मोठा कार्यक्रम अमेरिकेच्या विमानतळांवर चालायचा. तिथल्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने २०१३ मध्ये अहवाल दिला की त्याला पुरेसा आधार दिसत नाही. तेव्हा चेहऱ्यावरून निष्कर्ष काढू नका. एकाच गोष्टीबद्दल दोनदा, वेगळ्या शब्दांत, चित्र दाखवून विचारा. भाषेची अडचण असेल तर दुसऱ्या वेळी उत्तर सुधारतं.

सोबत्याला दुभाष्या करायचा मोह होतो. ‘पट्टा काढ’ एवढं सांगायला हरकत नाही. पण पासपोर्ट कोणाचा, कुठे राहिलात, बॅग कोणी भरली, या प्रश्नांची उत्तरं बाईच्या वतीने तिचा सोबती देत असेल आणि तिला बोलूच देत नसेल, तर तो फक्त भाषेचा प्रश्न नसू शकतो. मुलांच्या बाबतीतही तेच. त्या व्यक्तीला स्वतंत्रपणे, अ‍ॅपवरून किंवा फोनवरच्या दुभाष्याकडून विचारलं जावं, असं अधिकाऱ्याच्या कानावर घाला. टॅक्सीवाला, हॉटेलचा पोरगा, दुसरा प्रवासी यांच्यावरही गंभीर बोलणं सोपवू नका.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची १३६३ ही हेल्पलाइन फुकट आहे, चोवीस तास चालते आणि हिंदी-इंग्रजीशिवाय अरबी, फ्रेंच, जर्मन, इटालियन, जपानी, कोरियन, चिनी, पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश अशा दहा परदेशी भाषांत बोलते. पर्यटकांसाठी म्हणून ती आहे आणि आपल्याच माणसांना ठाऊक नाही, याचं वाईट वाटतं. हिब्रू मात्र तिच्यात नाही.

प्रकरण पोलिसांकडे गेलं तर

सीआयएसएफ वस्तू आणि माणूस विमानतळ पोलीस ठाण्याच्या ताब्यात देते. इथून पुढे तुम्ही भाषांतर करू नका. चुकीच्या एका शब्दाने माणसाचं आयुष्य अडकू शकतं आणि तुम्ही शपथेवरचे दुभाषे नाही. ‘सही करून टाक, सुटशील’ असं चांगुलपणानेही म्हणू नका. ज्या कागदातलं त्याला काही कळत नाही त्यावर सही करायला सांगणं बरोबर नाही, मग तो निर्दोष असो वा नसो.

त्याला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत आणि त्या साध्या भाषांतराने सांगता येतात. पहिली, अटक झाली असेल तर तिचं कारण कळण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २२ ने त्यालाही दिला आहे, आणि ती कारणं लेखी व त्याला समजेल अशा भाषेत असावीत, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. दुसरी, त्याला वकील घेता येतो. तिसरी, १९६३ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे आपल्या देशाच्या वकिलातीला कळवा, असं तो सांगू शकतो. पोर्तुगालची वकिलात पणजीतच आहे, रशियाची मुंबईत. ही मागणी अधिकाऱ्यापुढे मांडायला तुम्हाला कोणी मनाई केलेली नाही. नम्रपणे, एकदा, स्पष्ट मांडा.

नंतर तुमच्या पाळीच्या वहीत लिहा : वेळ, जागा, प्रवाशाची भाषा, सूचना कोणत्या भाषेत आणि कशी दिली, अ‍ॅप वापरलं की चित्र, वस्तू प्रवाशाने काढली की शोधून मिळाली. आपलं मत नको. पुढे कोणी विचारलं तर ही चार ओळींची नोंदच उपयोगी पडते, आणि ती त्याच दिवशी, पाळी संपायच्या आत लिहिलेली हवी.